रिमॅपिंग सुरू करताना कोणतं टूल, कोणतं सॉफ्टवेअर, आणि त्याआधी काय

प्रश्न असा आहे: गॅरेज स्वतःचं आहे, येणाऱ्या गाड्या बहुतेक कॉमन रेल डिझेल आणि थोड्या टर्बो पेट्रोल. लॅपटॉप आणि साधा स्कॅनर आहे. आता ईसीएम रिमॅपिंग, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले (ईसीएममधले) इंधन, हवा वगैरेंचे तक्ते (मॅप) बदलायचं काम, सुरू करायचं आहे, पण बाजारात टूलची वीस नावं आणि सॉफ्टवेअरची दहा. काय घ्यावं आणि कोणत्या क्रमाने?

क्रम आधी सांगतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच जातात. पहिल्यांदा पॉवर सप्लाय आणि लॉगिंगची (चालत्या गाडीचे आकडे नोंदवायची) सोय, मग टूल (ईसीएममधली फाइल वाचणारं आणि लिहिणारं यंत्र), आणि मॅप एडिटर (मॅप बदलायचं सॉफ्टवेअर) सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलटं करतात. आधी एडिटर घेतात, सोबत कुणाकडून तरी दोन-चार हजार "तयार फाइली" घेतात, आणि बॅटरी बसल्यामुळे पहिलीच गाडी अर्ध्या रायटिंगमध्ये अडकते.

टूल ठरवण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ईसीएमवरचं लेबल त्यात उतरवून घ्या. बॉशच्या डब्यावर दहा आकडी नंबर असतो. तो ०२८१ ने सुरू झाला तर ईसीएम डिझेलचा, ०२६१ ने झाला तर पेट्रोलचा. त्याच्या जवळच गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर असतो. सॉफ्टवेअर नंबर मात्र स्कॅनरने वाचा, कारण मधल्या काळात ईसीएम कधी सर्व्हिस सेंटरला अपडेट झालेला असेल तर लेबल जुनंच राहतं. महिन्याअखेर वहीत दिसेल की चाळीस गाड्यांपैकी पंचवीस-तीस गाड्या चार-पाच प्रकारच्या ईसीएमवरच चालतात. उदाहरणार्थ १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन. मारुती, टाटा आणि फियाट तिघांनीही ते वापरलं आणि त्यावर बहुतेक मॅग्नेटी मारेलीचा ईसीएम मिळतो. बॉशसाठी जे टूल उत्तम, तेच मारेलीसाठी लंगडं असू शकतं. म्हणून विक्रेत्याचा "हजारो गाड्या चालतात" हा आकडा सोडून द्या. निर्मात्याच्या यादीत आपल्या वहीतला ईसीएम शोधा आणि चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा: पूर्ण वाचतं का, लिहितं का, चेकसम (फाइल बिनचूक आहे का ते पडताळणारी बेरीज) स्वतः दुरुस्त करतं का, आणि रायटिंग बिघडलं तर रिकव्हरी कोणत्या मार्गाने होते. चौथ्याचं उत्तर मिळालं नाही तर ते टूल त्या ईसीएमसाठी घेऊ नका.

बॉशच्या पिढ्या थोडक्यात माहीत असाव्यात. ईडीसी१५ जुना, त्याची फाइल बहुधा ५१२ किलोबाइटची. ईडीसी१६ मध्ये मोटोरोलाचा प्रोसेसर आणि एक ते दोन मेगाबाइटची फाइल. ईडीसी१७ मध्ये इन्फिनिअनचा ट्रायकोर प्रोसेसर, दोन ते चार मेगाबाइट, आणि छेडछाड रोखणारी संरक्षणं. नंतरच्या एमडी१ आणि पेट्रोलच्या एमजी१ मध्ये ती आणखी कडक झाली. त्यामुळे जुन्या ईडीसी१६ च्या गाडीवर हात बसवणं आणि बीएस-६ गाडीवर काम करणं यात मोठा फरक आहे. शिकायला ईडीसी१६ सगळ्यात चांगला.

ईसीएमपर्यंत पोचायचे तीन मार्ग आहेत. पहिला ओबीडी, म्हणजे स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून. दुसरा बेंच, म्हणजे ईसीएम गाडीतून काढून त्याच्या कनेक्टरच्या पिनांवर थेट वायर जोडून, डबा न उघडता. तिसरा बूट किंवा बीडीएम, म्हणजे डबा उघडून बोर्डावर. डबा उघडताना गोंद तापवून सोडवावा लागतो. घाईत पातं आत गेलं की बोर्डावरचे बारीक घटक उडतात, आणि बंद करताना सील नीट बसलं नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी शिरतं. बेंचने होत असेल तर डबा उघडू नये.

ओबीडीबद्दल एक गोष्ट विक्रेते पुरेशी समजावून सांगत नाहीत. ईडीसी१७ च्या बऱ्याच गाड्यांत ओबीडीवरून फाइल वाचताच येत नाही. टूल फक्त सॉफ्टवेअर नंबर वाचतं आणि त्या नंबरची कंपनीची मूळ फाइल स्वतःच्या संग्रहातून काढून देतं. याला व्हर्च्युअल रीड म्हणतात. ती फाइल तुमच्या गाडीतून आलेली नसते. आधी कुणी गाडी रिमॅप केलेली असेल तर तुम्हाला ते कळणारच नाही. शिवाय इमोबिलायझरची माहिती आणि इंजेक्टरचे कोड ईईप्रॉममध्ये (ईसीएममधल्या वेगळ्या छोट्या मेमरीत) असतात, ते व्हर्च्युअल रीडमध्ये येत नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बेंच करता येणारं टूलच घ्या, आणि ज्या प्रकारचा ईसीएम पहिल्यांदा हातात येतो त्याचा फ्लॅश (मुख्य मेमरी) आणि ईईप्रॉम मिळून पूर्ण बॅकअप बेंचवर घ्या. एक तास जास्त जातो, पण त्या बॅकअपवरून मेलेला ईसीएम परत उभा करता येतो.

टूलची नावं घ्यायची तर इटलीच्या एलियनटेकचं केस३, डिमस्पोर्टचं न्यू जीनियस आणि न्यू ट्रासडेटा, मॅजिक मोटरस्पोर्टचं फ्लेक्स, शिवाय ऑटोट्यूनर आणि बीफ्लॅश. ही सगळी खरी कामाची टूल्स आहेत आणि निवड वहीवरूनच करायची. अमेरिकन गाड्यांसाठीची एचपी ट्यूनर्ससारखी टूल्स उत्तम असतात, पण आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांना त्यांचा उपयोग नाही.

यातली बरीच टूल्स मास्टर आणि स्लेव्ह अशा दोन रूपांत मिळतात. स्लेव्ह स्वस्त असतं, पण त्याने वाचलेली फाइल कुलूपबंद येते आणि ती फक्त ज्याच्या मास्टरला ते जोडलेलं आहे तोच उघडू शकतो. तुम्ही वाचून पाठवायचं, त्याने बदलून परत द्यायचं, दर फाइलमागे पैसे. मास्टरची फाइल उघडी असते आणि तुम्ही स्वतः बदल करू शकता. सुरुवात करणाऱ्याने पहिलं वर्ष स्लेव्हवर काढावं. त्या काळात वाचणं, लिहिणं, बॅकअप, लॉग हे सगळं हाताखालून जातं आणि मॅप एखादा अनुभवी माणूस करतो. पण त्याला प्रत्येक गाडीचा आधीचा आणि नंतरचा लॉग पाठवा. लॉग न मागणारा ट्यूनर तयार फाइल चिकटवतोय असं समजा. घेताना एवढं विचारून ठेवा: स्लेव्हचं मास्टर नंतर करता येतं का, आणि वार्षिक वर्गणी थांबवली तर टूल चालत राहतं का की फक्त नवे अपडेट बंद होतात.

या टूलच्या चिनी नकला दहा टक्के किमतीत मिळतात. घेऊ नका. त्यांत जुने प्रोटोकॉल अडकलेले असतात, इंटरनेटला जोडलं की बंद पडतात, आणि बेंचवर ईसीएमला जो अचूक व्होल्टेज द्यावा लागतो तो देणारे भाग हलके असतात. वाचताना सगळं ठीक वाटतं, मरतं ते लिहिताना. एका बीएस-६ गाडीच्या नव्या ईसीएमची किंमत विचारून बघा, म्हणजे नकलेत वाचलेले पैसे कुठे जातात ते लक्षात येईल. ईएलएम३२७ चा ब्लूटूथ डोंगलही फक्त वाचण्यापुरता. त्याने काही लिहिण्याचा प्रयत्न करू नये.

आता पॉवर सप्लाय. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना गाडी बॅटरीतून सतत करंट ओढते. रायटिंगच्या वेळी बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने सुटतो, त्याचा वेगळाच भार. व्होल्टेज बारा खाली गेला की ईसीएम मध्येच लिहिणं सोडतो. साधा बॅटरी चार्जर इथे चालत नाही. त्याचा व्होल्टेज स्थिर नसतो आणि त्यातली लहर संपर्कात गोंधळ घालते. किमान ५० अँपिअरचा, व्होल्टेज ठरवून देता येणारा स्थिर सप्लाय घ्या आणि तो १३.५ वर ठेवा. जोडण्याआधी बॅटरी पाहा: विश्रांतीत १२.६ च्या आसपास असावी, आणि इग्निशन पाच मिनिटं चालू ठेवून १२.२ खाली उतरत असेल तर आधी चांगली बॅटरी लावा. आपल्याकडे लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. सप्लाय बंद पडला तर पुढची दहा मिनिटं गाडीची बॅटरीच सगळं पेलणार, म्हणून सप्लाय असला तरी बॅटरी तपासायचीच. पंख्याचा आणि हेडलाइटचा फ्यूज काढून ठेवा, एसी बंद, दरवाजे एकदा बंद केले की उघडायचे नाहीत. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, विंडोजचे अपडेट थांबवलेले, यूएसबी हब न वापरता थेट पोर्टमध्ये. बेंचसाठी वेगळा छोटा सप्लाय ठेवा, १२ व्होल्ट आणि करंटची मर्यादा दोन अँपिअर. म्हणजे एखादी वायर चुकीच्या पिनवर गेली तरी ईसीएम जळण्याआधी सप्लाय मान टाकतो.

संपर्क होत नसेल तर टूलला दोष देण्याआधी मल्टिमीटर काढा. ओबीडी सॉकेटच्या पिन १६ वर बॅटरीचा व्होल्टेज, ४ आणि ५ वर अर्थ. बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये रेझिस्टन्स मोजला तर साठ ओहमच्या आसपास यायला हवा, कारण कॅन बसच्या (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या दोन तारांच्या लाइनच्या) दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. मध्ये गेटवे असलेल्या गाड्यांत हा आकडा वेगळा येऊ शकतो.

मॅप एडिटरमध्ये जर्मनीच्या ईव्हीसीचं विनओएलएस हा धंद्याचा पाया आहे. दुसरीकडे एलियनटेकचं ईसीएम टायटॅनियम, ज्यात ड्रायव्हर नावाची तयार यादी काही मॅप ओळखून समोर ठेवते. सोपं वाटतं, पण ड्रायव्हरने न दाखवलेला मर्यादेचा मॅप तसाच राहतो आणि गाडी "का वाढत नाही" हे कळत नाही. ट्यूनरप्रो जवळजवळ फुकट आहे आणि जुन्या पेट्रोल गाड्यांवर शिकायला चांगलं, फक्त त्या गाडीची डेफिनिशन फाइल (कोणता मॅप कुठे आहे ते सांगणारी) हवी. विनओएलएसची डेमो आवृत्ती मिळते. विकत घेण्याआधी तिच्यात तीन महिने घालवा. मूळ सॉफ्टवेअर घेतल्यावर चेकसमचे मॉड्यूल वेगळे विकत घ्यावे लागतात, तो खर्च धरून चला.

आकडे कसे फसवतात ते मॅपच्या तक्त्यातल्या एका घरात दिसतं. ईडीसी१६ च्या स्मोक लिमिटरच्या (धूर होऊ नये म्हणून डिझेलवर मर्यादा घालणाऱ्या मॅपच्या) एका घरात १३ ८८ असे दोन बाइट आहेत. हेक्समधला हा आकडा म्हणजे ५०००, आणि गुणक ०.०१ असल्याने ५० मिलिग्रॅम डिझेल प्रति स्ट्रोक. ईडीसी१६ मध्ये मोठा बाइट आधी येतो. ईडीसी१७ मध्ये लहान बाइट आधी, म्हणजे तोच आकडा तिथे ८८ १३ असा लिहिलेला असतो. एडिटरमध्ये बाइटचा क्रम चुकीचा लावला तर ५० च्या जागी ३४८ मिलिग्रॅम दिसतील आणि मॅपचा उतार करवतीसारखा होईल. मॅप गुळगुळीत डोंगरासारखा दिसला तरच क्रम बरोबर आहे. ही नजर बसेपर्यंत एकही घर बदलू नये.

आता हाच ५० चा आकडा गाडीच्या लॉगमध्ये बघा. समजा २५०० आरपीएमला पूर्ण दाबलेल्या पेडलवर हवा ८५० मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक येतेय आणि डिझेल ५०. गुणोत्तर १७ झालं. डिझेलचं रासायनिक गुणोत्तर १४.५, म्हणजे लॅम्डा (मिळालेलं गुणोत्तर भागिले रासायनिक गुणोत्तर) १.१७. ताकद हवी म्हणून फक्त डिझेल ५५ केलं तर गुणोत्तर साडेपंधरावर येतं. काळा धूर निघतो आणि टर्बोआधीचं तापमान चढतं. गुणोत्तर १७ च ठेवायचं तर हवा ९३५ लागेल, दहा टक्के जास्त. म्हणजे बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) २.१ बारवरून साधारण २.३ वर न्यावा लागेल. हे आकडे समुद्रसपाटीला धरून निरपेक्ष दाबाचे आहेत.

बरेच रिमॅप पुढे घाटात फसतात. मुंबईला वातावरणाचा दाब १०१३ मिलिबारच्या आसपास. २.३ बारसाठी टर्बोला हवा २.२७ पट दाबायची असते. महाबळेश्वर १३५० मीटरवर, तिथे दाब ८६० च्या जवळ. तेच २.३ बार गाठायला टर्बोला २.६७ पट दाबावं लागतं. कारखान्याच्या लहान टर्बोची सोय साधारण अडीचपर्यंतच असते. त्यापुढे तो वेगमर्यादेबाहेर फिरतो, हवा तापते, आणि आधी बेअरिंग, मग तेल गळती. कंपनीने यासाठी वातावरणाच्या दाबावर चालणारी बूस्ट मर्यादा दिलेली असते. अनेक जण "आड येते" म्हणून ती सपाट करतात. ती हात न लावता ठेवा, किंवा समुद्रसपाटीच्याच ओळी वाढवा. घाटात गाडी थोडी मंद वाटली तरी चालेल, टर्बो वाचला पाहिजे.

हे सगळं मोजायला काय लागतं? डिझेलसाठी आधी चांगला लॉग. फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांना रॉस-टेकचं व्हीसीडीएस पुरतं. इतरांना टूलसोबतचा लॉगर किंवा मल्टी-ब्रँड स्कॅनर. एका वेळी कमी चॅनल निवडा: आरपीएम, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, हवा, डिझेल, रेल प्रेशर. चॅनल जितके जास्त तितके सेकंदाला नमुने कमी, आणि बूस्टचा अर्ध्या सेकंदाचा उसळा मग दिसतच नाही. तिसऱ्या गिअरला १५०० पासून ४००० पर्यंत एक सलग खेच, तीही डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा रहदारीला बंद असलेल्या मोकळ्या जागेत. टर्बोआधीच्या तापमानासाठी के-प्रकारचा थर्मोकपल बसवता आला तर उत्तम. लांब चढावर ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे टिकून राहू देऊ नये.

पेट्रोलला वाइडबँड लॅम्डा हवाच. गाडीतला जुना नॅरोबँड सेन्सर मिश्रण जाड की पातळ एवढंच सांगतो, किती ते नाही. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर घ्या. सायलेन्सरच्या पाइपवर एम१८ गुणिले १.५ आट्यांचा बंग (सेन्सर बसवायचं नटासारखं तोंड) टर्बोच्या मागे वेल्ड करा, सेन्सरचं तोंड खाली आणि शेपूट आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश वर, म्हणजे पाणी आत साचत नाही. कंट्रोलर बंद ठेवून सेन्सर चालत्या गाडीत सोडला तर काजळीने मरतो. वाचन लॅम्डामध्येच ठेवा, हवा-इंधन गुणोत्तरात नको. शुद्ध पेट्रोलचं १४.७ असतं, पण आपल्या पंपावरच्या ई२० चं १३.५ च्या जवळ येतं. १४.७ धरून वाचणारा मीटर ई२० वर फसवतो, लॅम्डा मात्र तोच राहतो. नॉकसाठी (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोकीसाठी) प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे खेचलं जातंय ते लॉग करा. तीन-चार अंश सतत मागे जात असेल तर इग्निशन कमी करा. गाडी शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवून दिली आणि मालकाने गावच्या पंपावर साधं भरलं तर काय होईल, ते उन्हाळ्यात नागपूरच्या ४५ अंशांत कळतं. म्हणून मालक रोज जे पेट्रोल भरतो त्यावरच बसवा.

गिअरबॉक्सही यात धरा. फोक्सवॅगनचा सात गिअरचा ड्राय-क्लच डीएसजी, डीक्यू२००, कंपनीने २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनवलाय. १७५ न्यूटन-मीटरची गाडी २३० वर थांबवा.

जुन्या कार्ब्युरेटरच्या किंवा ट्रॅकच्या गाडीचा प्रश्न निराळा. तिथे कंपनीचा ईसीएम खोदण्यापेक्षा स्पीडुइनो, मेगास्क्वर्ट किंवा रसईएफआय असा वेगळा, स्वतः बसवता येणारा ईसीएम लावून ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरवर काम करणं स्वस्त आणि शिकवणारं. तिथे पहिल्या दिवशी टायमिंग लाइट लावून स्क्रीनवरचं आणि पुलीवरचं टायमिंग जुळवा. ते जुळल्याशिवाय इंधनाच्या टेबलला हात लावू नका.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात नेणारी यंत्रणा) बंद करून द्या, अशी मागणी पहिल्या आठवड्यातच येईल. करू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ही यंत्रणा गाडीच्या मंजुरीचा भाग आहे, धूर शेजारच्या माणसाच्या फुप्फुसात जातो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. भरलेला डीपीएफ साफ करून देणं हे चांगलं आणि कायदेशीर काम आहे, त्याचेही पैसे मिळतात. वॉरंटीतल्या गाडीच्या मालकाला लेखी सांगा की किती वेळा रायटिंग झालं याचा मोजणी-आकडा ईसीएममध्ये राहतो आणि कंपनीची फाइल परत टाकली तरी तो मागे फिरत नाही.

फाइलींची नावं पहिल्या दिवसापासून शिस्तीत ठेवा: गाडी, हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर, तारीख, आणि शेवटी मूळ की बदललेली. मूळ फाइल दोन ठिकाणी, त्यातली एक लॅपटॉपबाहेर.

आणि रायटिंग ४३ टक्क्यांवर थांबलं तर: किल्ली फिरवू नका, बॅटरी काढू नका, केबल ओढू नका. सप्लायचा व्होल्टेज बघा, टूलमधला रिकव्हरीचा पर्याय निवडा आणि बदललेली फाइल नव्हे, मूळ फाइल लिहायला लावा. दोनदा करूनही झालं नाही तर मग इग्निशन बंद करा, ईसीएम काढा आणि बेंचवर पूर्ण बॅकअप परत टाका.